‘लीनिए आइन्स’ : भुयारी रेल्वेच्या डब्यातलं तरुण एकटेपण

तिसरी घंटा

ग्रिप्स म्हटलं की पुण्याच्या माणसाला मोठ्या नटांनी हाफपँट घालून केलेली मुलांची नाटकं आठवतात. त्याच बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरचं सगळ्यात गाजलेलं नाटक मात्र लहान मुलांचं नाही. ज्यांचं बालपण संपलंय आणि पुढचं काही अजून सुरू झालेलं नाही, अशांचं ते संगीत नाटक आहे. त्यावर मराठीत निवांत चर्चा व्हावी असं फार दिवस मनात होतं, म्हणून हा धागा.

नाव ‘लीनिए आइन्स’, म्हणजे ‘लाइन नंबर एक’. लेखन फोल्कर लुडविग, संगीत बिर्गर हायमान आणि ‘नो टिकेट’ नावाचा रॉक बँड. पहिला प्रयोग ३० एप्रिल १९८६, पश्चिम बर्लिन, हान्साप्लाट्झ. लुडविग यांना त्यासाठी १९८७ चा म्युलहाइम नाटककार पुरस्कार मिळाला आणि १९८८ मध्ये राइनहार्ड हाउफ यांनी त्यावर चित्रपट केला.

गोष्ट म्हणाल तर मूठभर. पश्चिम जर्मनीतल्या आडगावातून एक मुलगी घर सोडून बर्लिनला येते. सकाळी ६ वाजून १४ मिनिटांनी झू स्टेशनवर उतरते. जॉनी नावाच्या रॉक गायकावर तिचं मन जडलेलं असतं आणि त्याला शोधायला तिला पश्चिम बर्लिनच्या क्रॉइत्सबर्ग भागात जायचं असतं. त्यासाठी ती भुयारी रेल्वेची एक नंबरची लाइन पकडते. पुढचं नाटक म्हणजे त्या लाइनवर भेटलेली माणसं : नशा करणारी पोरं, बेकार, दारुडे, दलाल, कामाला निघालेले, कुठेच न निघालेले. मुलीला नाटकभर नाव नाही. संहितेत ती फक्त ‘मुलगी’ आहे. तिच्याकडे टक लावून पाहणारा एक मुलगा आहे, त्यालाही नाव नाही, तो ‘कोटातला मुलगा’.

ही लाइन कुठे संपायची हे कळलं की नाटक वेगळंच दिसायला लागतं. तेव्हा एक नंबरची गाडी क्रॉइत्सबर्गमध्ये श्लेझिशेस टोर स्टेशनपर्यंत जायची. त्यापुढचा थांबा नदीपलीकडे, पूर्व बर्लिनमध्ये. १९६१ ला बर्लिनची भिंत उभी राहिली आणि तो बंद झाला. म्हणजे घर सोडून निघालेली पोरगी जी गाडी पकडते तिला पुढे जायला वाटच नाही. पश्चिम बर्लिन हे चारी बाजूंनी पूर्व जर्मनीने वेढलेलं शहर होतं. तिथे राहणाऱ्यांना सक्तीची लष्करी सेवा नव्हती, म्हणून पश्चिम जर्मनीतली कितीतरी तरुण मुलं तिकडे येऊन राहायची. क्रॉइत्सबर्गमध्ये भाडी कमी, तुर्की कामगारांची वस्ती मोठी. घर नको असलेले आणि घर नसलेले, दोन्ही एकाच डब्यात.

मी शिकायला बर्लिनमध्ये असताना हे ग्रिप्समध्येच पाहिलं. तिथे प्रेक्षक रंगमंचाच्या तीन बाजूंना बसतात, त्यामुळे नटांच्या पलीकडे समोरचे प्रेक्षक दिसत राहतात. मध्ये बाकं मांडलेली. नट त्यावर समोरासमोर बसतात आणि कुणीही कुणाकडे बघत नाही. गाडी वळली की सगळी धडं एकाच वेळी एकाच बाजूला कलतात, नजरा मात्र जागच्या हलत नाहीत. कोण पेपरात, कोण स्वतःच्या बुटांकडे, कोण डोकी चुकवून खिडकीच्या अंधारात. मला त्या देशात तेव्हा कुणी ओळखत नव्हतं. मी रोज ज्या डब्यातून जायचे तो डबा माझ्यासमोर मांडला होता.

तरुणांच्या तुटलेपणावरची बहुतेक नाटकं त्या तरुणाच्या मनात शिरतात आणि तिथेच थांबतात. जणू दुखणं त्याचंच आहे. लुडविग यांनी ते मनातून काढून बाकावर बसवलं. पोरगी एकटी आहे कारण डब्यातली सगळीच माणसं एकटी आहेत, आणि तिच्याइतकं हे कुणाच्या लक्षात येत नाही कारण बाकीच्यांना सवय झाली आहे. मला हे नाटक थोर वाटतं ते एवढ्यासाठी. तुम्हाला काय वाटतं?

खर्जातला सा

धागा आवडला. ग्रिप्सची पुण्यातली बाजू नव्या सभासदांसाठी लिहितो. ‘घाशीराम कोतवाल’ १९८० मध्ये युरोपच्या दौऱ्यावर गेलं होतं. त्यात काम करणाऱ्या मोहन आगाशे यांनी पुढे थिएटर अकॅडमी आणि मॅक्समुल्लर भवन यांच्या साथीने ग्रिप्स मराठीत आणलं. ‘छान छोटे वाईट्ट मोठे’ ते १९८६ च्या सुमारास. म्हणजे बर्लिनमध्ये ‘लीनिए आइन्स’ उभं राहत होतं त्याच सुमाराला पुण्यात ग्रिप्सचा श्रीगणेशा झाला. श्रीरंग गोडबोले, नंतर विभावरी देशपांडे अशा मंडळींनी ते पुढे चालवलं.

पण एक शंका आहे. मी संगीत नाटकांवर वाढलेला माणूस. आपल्याकडे पद येतं तेव्हा गोष्ट थांबते, गायक रंगतो, वन्स मोअर पडतो. पात्राच्या मनातलं दुःख रागातून इतकं उलगडतं की तिथे दुसऱ्या कुणाची गरज राहत नाही. तुटलेपण गाण्यातून सांगायचं तर ते एकट्याने गायलेलंच खरं, असं मला वाटतं. या नाटकात अकरा नट आहेत; अकरा जणांनी मिळून एकटेपण गायचं, हे पटत नाही. कोरस आला की एकटेपण गेलंच ना?

तिसरी घंटा

तुमची शंका मोलाची आहे. एक ताजं उदाहरण ठेवते. ‘स्प्रिंग अवेकनिंग’ हे २००६ चं ब्रॉडवेचं संगीत नाटक, मूळ फ्रांक वेडेकिंड यांचं १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेलं जर्मन नाटक. त्यात १९ व्या शतकातल्या गणवेशातली मुलं गाणं आलं की कोटाच्या आतून हातातला माईक काढतात. बोलणं त्या काळातलं, गाणं आजच्या रॉकचं. गाणं म्हणजे निव्वळ आतला आवाज, समोरच्या पात्राला तो ऐकूच जात नाही. हे तुमच्या पदाच्या फार जवळचं आहे. आणि त्या नाटकात सगळे मोठे, म्हणजे आईबाप, मास्तर, डॉक्टर, मिळून फक्त दोन नट करतात, एक पुरुष आणि एक बाई. मुलांना सगळे मोठे सारखेच दिसतात, हे न बोलता कळतं. फार देखणी युक्ती आहे.

ग्रिप्सने नेमकं उलट केलं. अकरा नट ऐंशीच्या आसपास भूमिका करतात. आत्ता जो नशेत लोळत होता तोच पुढच्या स्टेशनवर टाय लावून चढतो. त्यामुळे ‘आम्ही तरुण, ते मोठे’ अशी फळी तिथे टिकतच नाही. चेहरे तेच, बाजू बदलतात. आणि गाणी बहुतेक कुणाला तरी उद्देशून असतात. रडत बसलेल्या त्या मुलीला मारिया नावाची दुसरी मुलगी गाऊन सांगते की तू रडतानाही सुंदर दिसतेस. पूर्ण अनोळखी मुलगी. ते गाणं मुलीने एकटीने गायलं असतं तर प्रेक्षकांना तिची कीव आली असती. दुसरीने गायल्यामुळे कुणीतरी तिच्याकडे पाहिलं, एवढी घटना तिथे घडते. डब्यात त्याहून मोठं काही घडत नाही, आणि तेवढं पुरतं.

डोंबिवली फास्ट नव्हे स्लो

हे वाचताना आधी वाटलं की आपल्या लोकलवर हे जसंच्या तसं बसेल. मग वाटलं, अजिबात नाही बसणार.

बर्लिनच्या डब्यात माणसं एकमेकांना शिवत नाहीत. आमच्या लेडीज डब्यात सकाळी ८ नंतर शिवणं टाळताच येत नाही. भाजी निवडून होते, हळदीकुंकू होतं, वाढदिवसाचा केक कापला जातो, पुरुषांच्या डब्यात भजनी मंडळं असतात. कोण म्हणेल इथे एकटेपण आहे? पण मी नोकरीला लागले तेव्हा पहिले काही महिने त्या डब्यात माझ्याशी कुणी बोललं नाही. ग्रुप ठरलेले असतात. जागा ठरलेल्या असतात. ‘कुठे उतरणार?’ एवढंच विचारतात, तेही तुमची सीट हवी असते म्हणून. चारी बाजूंनी माणसं अंगावर रेललेली आणि त्यांच्या गप्पांमध्ये आपण नाही. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, अगं एवढी गर्दी असते, करमत कसं नाही तुला!

तेव्हा मराठीत करायचं झालं तर रिकाम्या बाकांचं नेपथ्य चालणार नाही. नट कमी पडतील इतकी माणसं अंगावर यायला हवीत आणि त्यात एकीशी कुणी बोलू नये.

हानगंग काठी

मी नोकरीनिमित्त सोलला राहतो, आणि या नाटकाचा दुसरा जन्म इथेच झाला, तर थोडं सविस्तर लिहितो.

किम मिन-गी हे इथले मोठे गीतकार-गायक. त्यांचं ‘सकाळचं दव’ हे गाणं लष्करी राजवटीने १९७५ मध्ये बंदी घालून दाबलं आणि तरी मोर्चांमधून ते गायलं जात राहिलं. १९९१ मध्ये त्यांनी देहाङ्नो या नाट्यगृहांच्या भागात ‘हाकचन’ नावाचं छोटं थिएटर काढलं आणि १९९४ मध्ये तिथे ‘लीनिए आइन्स’ कोरियन रूपात आणलं. सोलच्या रेल्वेचीही लाइन नंबर एकच, १९७४ मध्ये सुरू झालेली. पण त्यांनी भाषांतर करून सोडलं नाही. मुलगी चीनमधल्या यानबियनहून येते, तिथल्या कोरियन वंशाच्या लोकांतली. म्हणजे भाषा तीच, रक्त तेच, आणि तरीही सोलमध्ये ती परकी. बर्लिनच्या मुलीपेक्षा हिचं परकेपण कितीतरी जास्त बोचतं. तोंड उघडलं की उच्चारावरून ओळखू येते. मागाहून त्यांनी काळ १९९८ चा ठेवला, आशियाई आर्थिक संकटाने कोरियात नोकऱ्या गेल्या तो काळ.

एक बदल असा केलाय की मी तो विसरू शकत नाही. तिसरी घंटा यांनी ज्या गाण्याबद्दल लिहिलंय, रडतानाही तू सुंदर आहेस, ते इथे स्टेशनच्या आसपास देह विकून आणि नशा करून जगणारी एक मुलगी गाते. सगळे तिला ज्या टोपणनावाने हाक मारतात त्याचा अर्थ फडकं, पोतेरं. ती नव्याने आलेल्या मुलीचे डोळे पुसते, तिला धीर देते. आणि पुढे तीच जीव देते. धीर देणारीला धीर द्यायला कुणी नसतं. प्रयोग संपल्यावर माझ्या शेजारची कोरियन मुलं कितीतरी वेळ उठली नव्हती.

२००८ पर्यंत सलग चालून या नाटकाचे ४००० प्रयोग झाले. २००० मध्ये हजारावा प्रयोग झाल्यावर लुडविग यांनी रॉयल्टी घेणं सोडून दिलं. २००१ मध्ये कोरियन संच बर्लिनला जाऊन खेळून आला. सल क्यंग-गु, ह्वांग जंग-मिन हे आजचे मोठे चित्रपट नट यातून पुढे आले. हाकचन थिएटर मार्च २०२४ मध्ये बंद झालं आणि त्याच जुलैमध्ये किम मिन-गी गेले.

आणखी एक. पुण्यात ग्रिप्स मुलांच्या नाटकांपासून सुरू झालं. सोलमध्ये आधी हे तरुणांचं नाटक आलं आणि किम नंतर मुलांच्या नाटकांकडे वळले. ४००० प्रयोगांचं चालतं नाटक थांबवून माणूस मुलांची नाटकं करायला जातो, यावर मी पुष्कळदा विचार करतो. मुळाशी जायचं असेल तर आधी मुलांशी बोलायला हवं, असं त्यांना वाटलं असावं. हा माझा कयास.

निळी छत्री

हानगंग काठी, तुमचा प्रतिसाद वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. मी विद्यार्थ्यांच्या समुपदेशनाचं काम करते.

पात्राचा शेवट मृत्यूत करणं याची मला भीती वाटते. नाटकात गाणं असतं, प्रकाश असतो, आणि त्यात मरण देखणं होऊन बसण्याचा धोका असतो. समोर बसलेल्या, आधीच खचलेल्या मुलापर्यंत त्यातलं काय पोचेल ते आपल्या हातात राहत नाही. म्हणून मी विचारते : त्या मुलीच्या मरणानंतर नाटक कुणाकडे बघतं? तिच्याकडे की मागे राहिलेल्यांकडे? माझ्या अनुभवात यावर सगळं ठरतं.

दुसरं म्हणजे, तुटलेपण हा आजार नाही, हा मूळ लेखातला मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. माझ्याकडे येणारी बरीच मुलं आजारी नसतात. त्यांना महिनोन् महिने कुणी नावाने हाक मारलेली नसते. खोलीवर चार जण, मेसमध्ये साठ जण, आणि कुणाला कुणाचं आडनाव ठाऊक नसतं. अशा मुलाला मी ‘मन घट्ट कर’ म्हणाले तर डब्यातल्या बाकीच्यांना सोडून मी त्यालाच दोष दिल्यासारखं होतं. (मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत हे इथे आवर्जून आठवतं.) पण ज्यांना खरंच आजार आहे त्यांना उपचार हवेतच, तेव्हा हा मुद्दा दुसऱ्या टोकाला नेऊ नये.

हानगंग काठी

निळी छत्री, मागे राहिलेल्यांकडे बघतं. त्या मुलीची रेल्वेखालची वेळ दाखवत नाहीत. आपण बघतो ते तिच्या टोळक्यातल्यांचे चेहरे आणि डब्यात वाट पाहत बसलेली माणसं. मला ते कुठेही देखणं वाटलं नाही.

वाचनमात्र

मी इथे फक्त वाचत असतो, पहिल्यांदाच लिहितोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी लातूर जिल्ह्यातला, सध्या पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. अभ्यासिकेत माझी जागा ठरलेली आहे, खिडकीपासून तिसरी. टेबलाला दोन्ही बाजूंनी प्लायवूडच्या पट्ट्या आहेत, शेजाऱ्याचा हात दिसतो, चेहरा दिसत नाही. माझ्या शेजारच्या मुलाचा उजवा हात मला पाठ झालाय. नखाला निळी शाई असते, मनगटावर गंडा आहे. तो बोलतो कसा, हे मला माहीत नाही. मागे तो आठवडाभर आला नाही तेव्हा मला काळजी वाटली, पण विचारणार कुणाला? नाव कुठे माहीत होतं?

गावाकडून फोन आला की सगळे ‘कधी लागणार’ एवढंच विचारतात. जाहिरात पुढे गेली, परीक्षा पुढे गेली, हे त्यांना कसं सांगू? वडलांनी सोयाबीनच्या पैशातून खोलीभाडं पाठवलंय. त्या मुलीची गाडी भिंतीपाशी संपायची हे वाचलं तेव्हा पुढचं लगेच वाचवेना.

मी एकही संगीत नाटक थिएटरात पाहिलेलं नाही. गावात जत्रेतला तमाशा पाहिलाय. पण हे नाटक माझ्यासारख्यांवर कुणी केलं तर मी तिकीट काढून बघेन.

तिसरी घंटा

वाचनमात्र, तुमचं काही चुकलेलं नाही. लिहीत राहा. शेजारचा तो परत आला का?

वाचनमात्र

आला ताई. त्याला डेंग्यू झाला होता. आता नाव माहीत आहे.

खर्जातला सा

वाचनमात्र यांचा प्रतिसाद वाचल्यावर माझी आधीची शंका वेगळी मांडतो. एकट्याचं पद आणि अनेकांचं गाणं यात मी स्पर्धा लावत होतो. अभ्यासिकेत पन्नास मुलं एकाच वेळी, एकमेकांना न दिसता, मनात तेच गात असतील तर ते पद की कोरस? मला वाटतं संगीतकाराने इथे प्रत्येकाला एकच ओळ द्यावी, पण वेगवेगळ्या वेळी सुरू करावी. कुणीही दुसऱ्याबरोबर समेवर येऊ नये. शेवटी दोघं येतात, चुकून. एवढं झालं तरी अंगावर काटा येईल.

आणि ‘मराठी ग्रिप्स’ने हे करावं. त्यांच्याकडे मोठ्यांनी मुलं साकारायची कितीतरी वर्षांची तालीम आहे. २२ वर्षांच्या मुलाला घरचे अजून पोर समजतात आणि जग बाप्या समजतं, हे त्यांच्याइतकं कुणाला दाखवता येणार?

डोंबिवली फास्ट नव्हे स्लो

मग या नाटकातल्या, बर्लिनच्या विल्मर्सडॉर्फ भागातल्या विधवांचं काय करायचं? मी धागा वाचून चित्रपट शोधून पाहिला. चार म्हाताऱ्या, फरचे कोट, हॅट, चारही पुरुष नटांनी केलेल्या. नाझी अधिकाऱ्यांच्या विधवा, नवऱ्यांच्या गलेलठ्ठ पेन्शनवर जगणाऱ्या, आणि डब्यातल्या पोरांकडे बघून नाकं मुरडणाऱ्या. लष्करी संचलनाच्या ठेक्यावर गातात की बर्लिन आमच्यामुळे टिकलंय. त्या आल्या की डब्यातला सगळा गारठा कुठून येतो ते कळतं. त्यांच्याशिवाय नाटकाला दात राहणार नाहीत.

हानगंग काठी

इथे त्यांच्या जागी सोलच्या गंगनाम भागातल्या श्रीमंत बायका आहेत, जमिनीच्या भावावर गब्बर झालेल्या. त्याही पुरुषच करतात.

तिसरी घंटा

आपल्याकडे मला सोसायटीची कमिटी दिसते. बॅचलरना फ्लॅट द्यायचा नाही, मुलींनी १० च्या आत यायचं, मांसाहार करणारे नकोत, आडनाव विचारून मगच किल्ली. मी परत आल्यावर घर शोधताना असल्या बैठकीला बसले आहे. टेबलावर चहा, बिस्किटं, सगळं अगदी सभ्य. ‘तुमच्याबद्दल काही नाही हो, पण नियम म्हणजे नियम.’ ज्यांचा स्वतःचा मुलगा परक्या शहरात पेइंग गेस्ट म्हणून राहतो तेही मान डोलावत असतात.

निळी छत्री

फक्त त्यांना नुसतं दुष्ट करू नका. माझ्याकडे त्यांचीही मुलं येतात.

खर्जातला सा

कमिटीचं गाणं कोणत्या चालीवर? संचलनाचा ठेका आपल्याकडे परका वाटेल. मला आरती सुचतेय. गणपतीत सोसायटीच्या मांडवात सगळे जमतात, टाळ्या एका लयीत, आणि मागे गेटपाशी भाड्याने राहणारी दोन पोरं उभी, आत यावं की नाही ते न कळून. चाल ओळखीची ठेवायची, शब्द नियमावलीचे.

वाचनमात्र

गेटपाशी आम्ही उभे असतो हे खरं आहे. पण प्रसाद देतात. तेही घाला.